मामा, बापू खबऱ्या नव्हते

मुरलीमामा,

शांतामामींचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते, पोरांची चाचणी चालू होती. "तुझे मामा गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. खरं सांगते, मला आधी राग आला, रडू नंतर आलं. म्हटलं, सुटला शेवटी हा माणूस, आणि मला इथंच ठेवून एकटाच सुटला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मेलेल्या माणसावर तरी चिडू नको. का चिडू नये? जिवंतपणी चिडले की तुम्ही चहा मागवायचात आणि चहा संपेपर्यंत माझा राग संपायचा. आता चहा मागवायला कोणी नाही, तेव्हा एकदा पूर्ण चिडून घेते.

पेपरात तुमच्यावर छापून आलं. शेतमजुरांचे पुढारी, मानवी हक्कांसाठी झगडलेले सर, तरुणपणी काही वर्षं भूमिगत. भूमिगत हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात जंगल येत नाही, बंदूक येत नाही, आणि भर दुपारी झाडाखाली हात बांधून बसवलेला माणूस तर मुळीच येत नाही. तो माणूस माझा बाप होता. तुमच्या नक्षलवादी दलमनं त्याला मारलं तेव्हा तुम्ही तिथं होतात. हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. तिसऱ्या कुणाला तुम्ही सांगितलंत की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

बापू पाणाड्या होते. जमिनीत पाणी कुठं आहे ते दाखवायचे. मुखेडच्या आसपास त्यांचं नाव होतं, चांगलं होतं तसं वाईटही होतं, कारण त्यांनी दाखवलेल्या निम्म्या विहिरी कोरड्या जायच्या. त्या गावांवरून जाताना ते छत्री पुढं धरून तोंड झाकायचे. पहाटे उपाशीपोटी, अनवाणी, तळहातावर नारळ आडवा ठेवून रान तुडवायचे. नारळ उभा राहिला की तिथं तीन दगड रचायचे, वर चुन्याची फुली मारायची आणि शेजारी बसून राहायचे. मालकानं त्या जागेवर नारळ फोडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. जागा सापडल्यावर माणूस बोलला की पाणी सरकतं, ही त्यांची पक्की समजूत. आम्ही बौद्ध. घरातले देव आजोबांनी धर्मांतरानंतर नदीत सोडून दिलेले. आई चिडवायची, "देव सोडले अन् नारळ कामून धरून ठिवला?" बापू म्हणायचे, "नारळ देवाला न्हाई, पाण्याला हाय."

ती दुष्काळाची वर्षं होती आणि लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. बापूंचं निम्मं गिऱ्हाईक अहमदपूर आणि जळकोटकडचं. नवा जिल्हा म्हणजे नवे साहेब, नव्या जीपा आणि त्यांच्या मागून धूळ उडवत येणाऱ्या बोअरच्या गाड्या. साहेब नकाशा उघडून बोट ठेवायचा. त्यालाही दर वेळी पाणी लागायचं असं नाही, पण साहेबाला कोणी कोरड्या जागेचा जाब विचारत नव्हतं. बापूंना मात्र रस्त्यात गाठून विचारायचे. हळूहळू कोणी बोलवेना. मग ते आईला म्हणाले, "किनवटच्या पल्याड, आदिलाबादकडं अजून गाड्या गेल्या न्हाईत. तिकडं जाऊन बघतो." देगलूरच्या बाजारात फिरून त्यांना कामापुरती तेलुगू येत होती. पिशवीत चुन्याची डबी आणि एक नारळ घेऊन ते गेले.

परत आले ते पोलिसांच्या गाडीतून, चादरीखाली. छातीवर चिठ्ठी खोचलेली होती, मोठ्या मराठी अक्षरांत. पोलिसांचा खबऱ्या, जनतेनं शिक्षा दिली. फौजदारानं ती सगळ्या गावासमोर वाचून दाखवली आणि आईला म्हणाला, "आमचा मानूस असता तर आमाला ठावं नसतं का? तुझा नवरा त्या लोकांना भाकरी पोचवायला गेला व्हता का, ते सांग." म्हणजे जंगलातल्यांच्या लेखी तो पोलिसांचा आणि पोलिसांच्या लेखी जंगलातल्यांचा. आमचा म्हणायला फक्त आम्ही दोघी उरलो.

खबऱ्याची बायको आणि खबऱ्याची पोर हे नाव मात्र राहिलं. गाव वाईट नव्हतं, मामा. आमच्या वस्तीतल्या बायांनी आम्हाला भाकरी दिली, आईला मजुरीला सोबत नेलं. पण आम्ही गेलो की बोलणं थांबायचं. विहारात आम्ही बसलो की चार जणी विषय बदलायच्या. कुणी शिवी दिली असती तर भांडता तरी आलं असतं. एकदम गप्प होणाऱ्या माणसांशी काय भांडणार? मी हे आजही भोगते. माझ्याच शाळेतले एक गुरुजी परवा हसत म्हणाले, मॅडमसमोर जपून बोला, घराण्याचा धंदा आहे. सगळे हसले. मी डबा उघडला आणि जेवले.

तुम्ही आमच्या दारात आलात ते त्यानंतर काही वर्षांनी. उन्हातून चालत आलेला बारीक माणूस, पाय जरा ओढत टाकणारा. ते पाय ठाण्यात तळव्यांवर खाल्लेल्या काठीचे, हे मला पुढं कळलं, तेही दुसऱ्यांकडून. तुम्ही म्हणालात, "लक्ष्मणराव आमच्या शेतात विहीर दाखवायला आले व्हते, मी लहान व्हतो." आईला तेवढं पुरलं. बापूंचं नाव राव लावून घेणारा माणूस तिनं फार दिवसांनी पाहिला होता. त्या दिवाळीला तिनं तुम्हाला ओवाळलं आणि तुम्ही माझे मामा झालात. मास्तरांच्या घरचे, अहमदपूरचे, शिकलेले मामा. आईला तर काय करू आणि काय नको असं झालं होतं.

उपकार मोजायला बसले तर हा लेख संपायचा नाही. मला अहमदपूरला वसतिगृहात तुम्ही घातलंत. जागा नाही म्हणणाऱ्या बाईंच्या टेबलासमोर तुम्ही जमिनीवर बसलात आणि जागा होईपर्यंत उठला नाहीत. मला तापात तुम्ही दवाखान्यात नेलंत, डी.एड.ला तुम्ही पाठवलंत. सभेत उभं राहून प्रश्न कसा विचारायचा ते तुम्ही शिकवलंत. "आवाज चढवू नको, प्रश्न चढव," असं म्हणायचात. मी जी काही भांडखोर बाई झाले ती तुमच्या हातची आहे. म्हणून तर माझी इतकी कोंडी झाली, मामा. शत्रूचा राग करायला माणसाला मोकळीक असते. तुम्ही मला तीही ठेवली नाहीत.

माझी पहिली नेमणूक जळकोटकडच्या शाळेत झाली. तेव्हा जळकोट तालुका झालेला नव्हता. अहमदपूरच्या स्टँडवर तुम्ही मला सोडायला आलात. बस लागली होती, कंडक्टर खाली उभा राहून तंबाखू मळत होता. तुम्ही बाकावर बसलात आणि माझ्याकडं न बघता सांगितलंत.

बापू तुमच्या लोकांना दिसले त्याच्या चार दिवस आधी पोलिस जंगलातल्या त्या वाटेनं आले होते आणि तुमचा एक पोरगा गोळी लागून मेला होता. वाट कुणी दाखवली, याचा शोध चालू होता. तेवढ्यात ओढ्याकडं जाणाऱ्या वाटेवर, एकामागून एक शेतांत, तीन-तीन दगड आणि वर चुन्याच्या फुल्या दिसल्या. आणि शेवटच्या फुलीपाशी एक परका माणूस बसलेला. मालक नारळ आणायला बाजाराला गेला होता. तुमच्या लोकांनी विचारलं, कोण तू, कुठला? बापू बोलले नाहीत. हातानं खूण केली, थांबा. पुन्हा विचारलं, पुन्हा थांबा. मारायला लागल्यावर सगळं सांगितलं त्यांनी, नाव, गाव, धंदा. पण तोवर उशीर झाला होता. आधी गप्प बसला आणि आता बोलतोय, म्हणजे मधल्या वेळात गोष्ट रचली, असं ठरलं. मालक नारळ घेऊन आला, त्यानं लांबून पाहिलं आणि आल्या पावली पळाला. त्याची तरी काय चूक, त्यालाही त्याच गावात राहायचं होतं.

झाडाखाली अदालत बसली. गावातली माणसं गोळा करून आणलेली, ज्यांना हात वर करा म्हटलं की हात वर करायचे एवढंच कळत होतं. तुम्ही बापूंना ओळखलंत. तुम्ही म्हणालात, "हा पाणाड्या आहे. आमच्या शेतात आला होता. जागा सापडली की ही माणसं नारळ फुटेपर्यंत बोलत नाहीत." कमांडरनं तुमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "म्हणजे तुझ्या ओळखीचा आहे. मग याला इकडची वाट तूच सांगितलीस का?"

त्यावर तुम्ही गप्प बसलात.

"एकदा सांगितलं म्या, सुमन," तुम्ही स्टँडवर म्हणालात. "दुसऱ्यांदा तोंड उघडलं असतं तर दोन खड्डे खांदावे लागले असते." आणि मग, मी काही विचारायच्या आत, "ती चिठ्ठीबी म्याच लिवली. मराठी लिवणारा दुसरा कुणी नव्हता."

कंडक्टरनं घंटी मारली. मी बसमध्ये चढले. तुम्ही खिडकीशी आलात, मी काच ओढून घेतली. शाळेत हजर झाले, हेडमास्तरांनी विचारलं, सोबत कोणी नाही का? मी म्हटलं, नाही. नंतर कितीतरी दिवस मला वाटायचं, मला नोकरी लागेपर्यंत तुम्ही का थांबलात? आणि मग कळायचं की आधी सांगितलं असतं तर मी तुमचं काहीच घेतलं नसतं, आणि आज दुसऱ्याच्या रानात खुरपत बसले असते. तुम्ही मला पोटभर वाढून मग सांगितलंत की जेवण कुणाच्या घरचं होतं. ते ओकता येत नव्हतं आणि पचतही नव्हतं.

पुढच्या दिवाळीला मी तुमचं तोंड पाहिलं नाही. आईनं ओवाळलं आणि मला झापलं, "एवढी नोकरी लावून दिली मानसानं, अन् हिची मिजास बघा!" मी तिला कसं सांगणार होते? तिला जगात एक भाऊ मिळाला होता.

तरी मी परत आले तुमच्याकडं. का आले माहीत आहे? बापूंबद्दल बोलायला दुसरं माणूसच नव्हतं. शेवटचं त्यांना तुम्ही पाहिलं होतं. ते घाबरले होते का, रडले का, हे फक्त तुम्हाला ठाऊक. तुम्ही खोटं नाही बोललात. घाबरले होते, म्हणालात. आणि शेवटी मालकाचं नाव घेऊन म्हणाले होते की त्याला सांगा, फुलीवरच खांद, पाणी हाय. मी विचारलं, "मग? लागलं का पाणी?" तुम्ही मान खाली घातलीत. सगळं सोडून आल्यावर तुम्ही एकदा चोरून तिथं जाऊन आला होतात. मालकानं खरंच खांदलं होतं. खाली नुसता काळा पाषाण. तेव्हा मला हसू फुटलं, मामा, आणि तुम्हीही हसलात, आणि मग आपण दोघं तुमच्या ऑफिसच्या पायरीवर बसून रडलो. कोरड्या जागेसाठी गप्प बसले बापू. त्यांच्या निम्म्या विहिरी कोरड्याच जायच्या. म्हणून काही त्यांना मारायचं नव्हतं.

मी तुमच्याकडं एकच गोष्ट मागितली. हातानं लिहिलंत, ते आता तोंडानं खोडा. माझ्या गावात येऊन चार माणसांसमोर म्हणा, लक्ष्मण खबऱ्या नव्हता, मी तिथं होतो. माझ्या सांगण्याला किंमत नव्हती. पोरगी बापाची बाजू घेणारच. तुमच्या सांगण्याला होती.

तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत, हीच तर मोठी अडचण. एका वर्षी केस उघडेल म्हणालात. एका वर्षी, अजून काही सोबती आत आहेत, त्यांना त्रास होईल. मग म्हणालात, "तुला कळत न्हाई, सुमन. आत्ता आपण ठाण्यातल्या मारहाणीवर मोर्चा काढून राहिलो. हे बाहेर आलं की सरकार तेच वापरतं, अन् मोर्चा बसतो." मी म्हटलं, "ठाण्यात मेलेल्याचा जाब तुम्ही मागता. झाडाखाली मेलेल्याचा कोण मागणार?" तुम्ही म्हणालात, दोन्हीची तुलना होत नाही. मी म्हटलं, मेलेल्याच्या बायकोला विचारून बघा होते का. शांतामामी आतून म्हणाल्या, "चहा टाकू का?" आणि तुम्ही लगेच "टाक, टाक" म्हणालात. आपलं निम्मं भांडण असं चहात गेलं.

आणि ती विहिरीची गोष्ट. प्रत्येक भाषणात सांगायचात. आमच्या शेतात एक पाणाड्या आला, त्यानं विहीर दाखवली, पाणी लागलं. पण त्याच विहिरीवर त्याला तहान लागली तेव्हा माझ्या घरच्यांनी त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. ते बघून मी चळवळीत आलो. टाळ्या पडायच्या. मी कुठंतरी मागं बसलेली असायचे. ज्या माणसाला पाणी वरून ओतलं म्हणून तुम्ही घर सोडलंत, तोच माणूस पुढं तुमच्या झाडाखाली बसला होता, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. अर्धी गोष्ट सांगून तुम्ही एवढे मोठे झालात, आणि पूर्ण सांगितली असती तर कदाचित जास्त मोठे झाला असतात. पण मला त्या मोठेपणाचं काही देणंघेणं नव्हतं. मला माझा बाप नुसता पाणाड्या म्हणून परत हवा होता.

एकदा मात्र तुम्ही आलात. मुखेडकडच्या आमच्या गावात, जयंतीला, पाहुणे म्हणून. मीच ठरवलं होतं सगळं. आई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. तुम्ही विहिरीची गोष्ट सांगितलीत, आणि थांबून म्हणालात, "तो पाणाड्या म्हणजे याच गावचे लक्ष्मणराव." सगळ्या पटांगणात कुजबुज झाली. तुम्ही पाणी प्यालात, माझ्याकडं पाहिलंत, मागं कुठंतरी पाहिलंत, आणि म्हणालात, "लई भला मानूस." आणि मग किमान मजुरीवर बोलायला लागलात. अर्धा तास!

आई तर हरखली. बाया तिला म्हणाल्या, तुझ्या मालकाचं किती चांगलं बोलले सर. घरी येऊन तिनं मला विचारलं, "ऐकलंस का? भला मानूस म्हनला." ती त्याच समाधानात पुढं दोन-तीन वर्षं जगली आणि गेली. भला माणूस आणि खबरी नसलेला माणूस यात फरक असतो, हे तिला समजावून सांगायचं माझ्या जिवावर आलं.

स्टँडवर मी तुम्हाला धरलं. तुम्ही म्हणालात, "म्हणणार व्हतो, शपथ. पण मागं ठाण्याचा मानूस उभा व्हता, साध्या कपड्यात. सगळं टिपून घेऊन राहिला व्हता." मी म्हटलं, "मामा, तो लाउडस्पीकरवाला होता. वायर धरून उभा होता बिचारा." तुम्ही अगदी बारीक आवाजात म्हणालात, "मला अजूनबी सगळे तसेच दिसतात गं." त्या दिवशी पहिल्यांदा मला तुमची कीव आली. जंगल सोडून तुम्हाला इतकी वर्षं झाली होती आणि तुम्ही अजून त्या झाडाखालीच बसला होतात, बापूंच्या शेजारी. मला तुम्हाला तिथून उठवायचं होतं. तुम्ही उठला असतात तर मलाही उठता आलं असतं.

लातूरच्या दवाखान्यात शेवटचं भेटले. शांतामामी दूध आणायला खाली गेल्या होत्या. तुमच्या नाकात नळी होती. मी काही विचारलं नव्हतं. तुम्हीच म्हणालात, "मी गेल्यावर तू सांग. माझं नाव घेऊन सांग. मी परवानगी देऊन राहिलो."

परवानगी! मला हसावं का रडावं कळेना. मी म्हटलं, "मामा, परवानगी काय करू? मला साक्ष पाहिजे. तुम्ही असताना तुम्ही बोललात तर ते खरं. तुम्ही गेल्यावर मी बोलले तर ती बाईची कटकट." तुम्ही डोळे मिटले. मी मोसंबी सोलली, एक-एक फोड भरवली, बिया तळहातावर घेतल्या. निघताना तुम्ही विचारलंत, "बस हाय का आता जळकोटची?" हे आपलं शेवटचं बोलणं. इतकी वर्षं भांडून शेवटी बसचं.

परवा अहमदपूरला तुमची शोकसभा झाली. हॉल भरला होता. जो उठला तो विहिरीची गोष्ट सांगत होता, प्रत्येकाची वेगळी. एकानं तर बापूंना थेट विहिरीतच ढकललं आणि तुम्ही उडी मारून वाचवलंत. मग अध्यक्षांनी, तुमच्या जुन्या सोबत्यांनी, माईकवर म्हटलं, आता सरांच्या मानसकन्या सुमनताई दोन शब्द बोलतील.

मी उभी राहिले तेव्हा काय झालं सांगते. मला सगळं बोलायचं होतं. झाड, चिठ्ठी, अक्षर, सगळं. समोर तुमचा फोटो, हार घातलेला. आणि मला एकदम वाटलं, हे मी काय करतेय? एवढ्या माणसांसमोर एक माणूस उभा केलाय, त्याच्यावर आरोप ठेवायचाय, आणि त्याला उत्तर देता येत नाही. असंच तर बापूंचं झालं होतं. फक्त हॉलला छप्पर होतं. बोलले नाही तर बाप गेला आणि बोलले तर तुम्ही गेलात, आणि तुम्ही दोघंही माझेच होतात.

शेवटी मी एवढंच म्हटलं. "तो पाणाड्या माझे वडील. ते विहिरीत पडले नव्हते. आदिलाबादच्या जंगलात दलमनं त्यांना खबऱ्या म्हणून मारलं. ते खबऱ्या नव्हते. मामा तिथं होते. हा निर्दोष आहे असं मामांनी तिथं सांगितलं, आणि ते कुणी ऐकलं नाही. हे मला मामांनी स्वतः सांगितलं." चिठ्ठीचं मी गिळलं. तेवढं तुमचं मी झाकलं, मामा. ते आता इथं लिहिलंय. परवानगी तुमचीच होती.

अध्यक्षांनी हळूच माईक आपल्याकडं ओढला आणि म्हणाले, ताई दुःखात आहेत, आपण सगळे त्यांच्या दुःखात सहभागी आहोत. आता सरांना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं उभं राहू या. सगळे उभे राहिले. मीही राहिले, तुमच्यासाठी, मनापासून. सगळे खाली बसले तेव्हा मी बसले नाही. माईक नसताना म्हटलं, "आता लक्ष्मणसाठी."

कोणी हललं नाही. आमच्या विहारात बाया व्हायच्या ना, तशी सगळी माणसं गप्प झाली. अध्यक्ष घड्याळाकडं बघायला लागले. मागून खुर्च्या सरकवून दोघं-तिघं बाहेर गेले.

मग पहिल्या रांगेतून शांतामामी उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून, सावकाश. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मागं वळून सगळ्यांना म्हणाल्या, "मला ठावं हाय. लग्नाआधीच सांगितलं व्हतं यांनी. तो मानूस खबरी नव्हता. उठा."

सगळे उठले, मामा. अध्यक्षसुद्धा. तुम्ही जे इतक्या वर्षांत केलं नाहीत ते तुमच्या बायकोनं एका वाक्यात केलं, तुमचा हार अजून ताजा असताना.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शोकसभेची बातमी आली. अध्यक्षांचं भाषण होतं, विहिरीची गोष्ट होती, बापू नव्हते. गावाकडून एकाचा फोन आला, आता मेलेल्याच्या नावावर खपवून राहिली का म्हणून. मी तो पेपर घेऊन शांतामामींकडं गेले. वाटलं, दोघी बसू, पेपरवाल्यांना शिव्या देऊ, तुमच्याबद्दल बोलू. त्यांनी दार उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाल्या नाहीत.

"काल तुझ्या बापासाठी उठले," त्या म्हणाल्या. "ते खरं व्हतं म्हणून उठले. पण माझ्या मानसाची राख अजून गरम हाय, सुमन. तू त्यांना चारचौघांत उभं केलंस. आता तू इकडं येऊ नको."

मी "हाव, न्हाई येत" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांचंही खरंच होतं. चपला पायातच होत्या, तशीच वळले आणि स्टँडवर आले. बस लागेपर्यंत कोरडी बसले. बापूंसाठी रडायला मला आता जागा आहे, भरल्या हॉलमध्ये माणसं त्यांच्यासाठी उभी राहिली आहेत. तुमच्यासाठी मला मोकळेपणी रडता आलं असतं असं एकच घर होतं, मामा, आणि ते मला बंद झालं.